अबोल मूल आणि बुजरं मूल: दोघांना एकच शेरा नको

मा. संपादक,

स. न. वि. वि.

१ मे रोजी निकाल लागले, प्रगतिपुस्तकं घरोघरी गेली. ती उघडली की वर्णनात्मक नोंदींच्या पानावर काही वाक्यं हमखास भेटतात, शाळा कुठलीही असो. 'सभाधीटपणा वाढवावा.' 'इतरांत मिसळत नाही.' 'वर्गात बोलत नाही.' मी माण तालुक्यात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होते. निवृत्त झाले तरी मे महिन्यात कुणी ना कुणी आई प्रगतिपुस्तक घेऊन दारात येतेच. "बाई, ह्ये काय लिवलंय बघा. पोरगं मुकं हाय का माझं?"

या एका शेऱ्याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. 'बोलत नाही' एवढं लिहून आपण दोन निराळ्या स्वभावांची मुलं एकाच दावणीला बांधतो. एक मूल अबोल असतं. त्याला फार बोलावंसं वाटत नाही, आणि त्यात त्याचं काही अडत नाही. दुसरं मूल बुजरं असतं. त्याला बोलायचं असतं, खेळायचं असतं, पण चारचौघांत तोंड उघडलं तर लोक काय म्हणतील या धास्तीनं ते मागे राहतं. वर्गाच्या दारातून बघितलं तर दोघं सारखीच गप्प दिसतात. पण एकाला जे द्यायचं ते दुसऱ्याला दिलं तर नुकसान होतं, आणि हे नुकसान मी वर्षानुवर्षं बघत आले आहे.

एकाच वर्गातल्या दोन मुलांचं सांगते. गाव लहान आहे, म्हणून त्यांची नावं आणि ओळखीच्या खुणा सांगत नाही. माझंही नाव छापू नये ही विनंती.

मुलगा मेंढपाळाच्या घरातला. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली की तो शाळेमागच्या लिंबाखाली जाऊन बसायचा. ज्वारीच्या ताटाची साल काढायची, आतला भेंडाचा भाग कापायचा, बाभळीचे काटे टोचून जोडायचा, आणि त्यातून बैलगाडी उभी करायची. जू, साटा, चाकं, सगळं मापात. मैदानात लगोरीचा आरडाओरडा चाललेला असे, पण त्याची नजर वर जात नसे. कुणी शेजारी येऊन बसलं तर सरकून जागा द्यायचा, एखादा काटाही पुढे करायचा, बोलायचा मात्र मोजकंच. त्याने आपणहून हात वर केलेला मला आठवत नाही. पण परिपाठात दिनविशेष सांगायची पाळी आली की सरळ पुढे यायचा, एका आवाजात वाचायचा, जागेवर जाऊन बसायचा. हात थरथरत नसत, चेहरा पडत नसे. काम होतं, केलं, झालं.

मुलगी शाळेच्या अगदी जवळ राहणारी. तीही वर्गात गप्प. पण परिपाठात दुसरं कुणी सुविचार सांगत असलं की तिचे ओठ हलत असायचे. तिला तो पाठ असायचा. स्वतःची पाळी जवळ आली की ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागे, मग पाणी प्यायला जायची परवानगी मागे, आणि पाळी टळेपर्यंत नळावरून हलत नसे. गणिताचं उत्तर आलं तर शेजारणीच्या कानात सांगायची, शेजारीण हात वर करून शाबासकी घ्यायची. मधल्या सुट्टीत ती लगोरीच्या कडेला उभी असे. आधी भिंतीला टेकून, मग दोन पावलं पुढे, मग आणखी एक. चेंडू चुकून तिच्याकडे आला की धावत जाऊन उचलायची आणि परत टाकताना तिचा चेहरा असा उजळायचा की कुणाच्याही लक्षात यावं, हिला खेळायचं आहे. "ये की खेळायला" असं सगळ्यांसमोर हाक मारून म्हटलं, की लगेच भिंतीकडे.

त्या वर्षी अवकाळी पावसाने स्नेहसंमेलन पुढे ढकललं. मुलाला त्याचं ना सुख ना दुःख. मुलगी सकाळी सुटल्यासारखी हसली आणि दुपारी डोळे पुसताना दिसली. तिची आई नंतर भेटली तेव्हा कळलं, घरी आरशासमोर सगळा नाच बसवून झाला होता, जो नाच शाळेत करायला तिने नाही म्हटलं होतं तोच. आईला माझं म्हणणं पटेचना. "ही गप्प? बाई, घरात तोंड मिटत न्हाई तिचं. बापालासुदिक बोलू देत न्हाई." मुलाच्या आजीला विचारलं तर ती म्हणाली, "घरीबी असाच. रानात मेंढरांमागं दिवस काढतो, पण खुशीत असतोय."

तुमच्या लक्षात आलं असेल की मी ओळखायच्या खुणा सांगून टाकल्या. घरी कसं आहे, ही त्यातली पहिली. अबोल मूल साधारणपणे सगळीकडे सारखंच असतं. बुजरं मूल आपल्या माणसांत मोकळं असतं आणि परक्यांत आक्रसतं. दुसरी खूण म्हणजे नजर. अबोल मुलाची नजर हातातल्या कामात असते, बुजऱ्याची नजर सारखी माणसांवर. तिसरी मला फार उपयोगी पडली. बुजऱ्या मुलाला त्रास होतो तो कार्यक्रमाच्या आधी. पोटात दुखतं, रात्री झोप लागत नाही, सकाळी ताप आल्यासारखं वाटतं. अबोल मूल आधी स्वस्थ असतं, पण दिवसभर गर्दीत राहिलं की संध्याकाळी शिणतं, चिडचिडं होतं, त्याला एक कोपरा लागतो. लग्नघरातही हे दिसतं. हळदीला जायच्या आधी रडतं ते मूल वेगळं, आणि वरात येईपर्यंत कंटाळून माडीवर जाऊन झोपतं ते वेगळं.

हे केवळ माझ्या अनुभवाचं बोलणं नाही. स्वित्झर्लंडच्या कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे प्रकार मांडले, ते आता सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण युंग यांच्या मांडणीत मुद्दा होता मनाची ओढ कुठे आहे हा, आतल्या जगाकडे की बाहेरच्या. भीती हा त्यातला मुख्य मुद्दा नव्हता. पुढे १९८१ साली जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. माणसांत राहावंसं वाटणं एक, आणि माणसांसमोर अवघडणं दुसरं, या दोन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या मोजल्या. दोन्हींचा एकमेकींशी थोडाफार संबंध निघाला, पण त्या एक नव्हेत हे स्पष्ट झालं. मग त्यांनी अनोळखी विद्यार्थ्यांना जोडीने बोलायला बसवलं आणि निरीक्षण केलं. सगळ्यात जास्त अवघडलेले कोण निघाले? ज्यांना माणसं हवी होती आणि भीतीही वाटत होती, ते. ते कमी बोलले, नजर चुकवत राहिले, हातांनी स्वतःलाच चाळा करत राहिले. हे वाचलं तेव्हा मला ते ओढणीचं टोक आठवलं.

हार्वर्डच्या जेरोम कागन यांनी तर चार महिन्यांच्या बाळांपासून सुरुवात केली. नवं खेळणं हलवलं, नवा वास दिला, नवा आवाज ऐकवला. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायला लागे. अशा बाळांपैकी पुष्कळशी पुढे नव्या माणसांना बिचकणारी मुलं झाली, पण सगळी नाही. म्हणजे बुजरेपणाचं बी जन्मतः असू शकतं, पण ते किती वाढतं हे घर आणि शाळा यांच्याही हातात असतं. शिक्षकाला यापेक्षा मोठा दिलासा कोणता हवा?

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर गांधीजींचं आहे. राजकोटला शाळेत असताना ते पुस्तकं आणि अभ्यास यांनाच सोबती मानत. घंटा झाली की शाळेत आणि शाळा सुटली की धावत घरी. कुठल्याही बाईंनी किंवा गुरुजींनी 'अभ्यासू, एकटा राहणं आवडतं' अशी नोंद करून टाकली असती. पण त्यांनी आत्मकथेत कारण लिहून ठेवलं आहे. कुणाशी बोलणं त्यांना सोसवत नसे, आणि कुणी चेष्टा करेल म्हणून भीती वाटे. ती एकांताची आवड नव्हती. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर ते निवडून गेले, बैठकांना नेमाने हजर राहिले, पण तोंड उघडलं नाही. एकदा महत्त्वाचा मतभेद झाला तेव्हा त्यांनी आपलं म्हणणं कागदावर लिहून नेलं, आणि तेही दुसऱ्याला वाचावं लागलं. बॅरिस्टर होऊन १८९१ साली परतल्यानंतर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात मामीबाई नावाच्या बाईचा खटला मिळाला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, दुसरा वकील बघायला सांगितलं, आणि कोर्टातून निघून गेले.

हाच माणूस पुढे दर सोमवारी मौन पाळायचा. सेवाग्रामला देशभरातून माणसं येत, आणि सोमवारी त्यांना चिठ्ठीवर उत्तर मिळे. तरुणपणीची ती गप्प राहण्याची लाचारी आणि हे ठरवून घेतलेलं मौन, दोन्हींत एकच माणूस आहे. पण पहिल्यात त्याची सुटका नव्हती, दुसऱ्यात त्याला विसावा होता. मुलांच्या बाबतीत मला एवढंच बघावंसं वाटतं, की ही शांतता त्याला विसावा देते आहे की कोंडून ठेवते आहे.

आता नुकसान कसं होतं ते सांगते. अबोल मुलाला बुजरं समजलं की त्याच्यामागे लागणं सुरू होतं. पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभं करायचं, "बोल की रे, जीभ काय भाड्यानं दिलीस काय" असं सगळ्यांदेखत म्हणायचं, मधल्या सुट्टीत हाताला धरून खेळात ढकलायचं. त्याच्यात काही कमी नसतं, पण रोज ऐकून ऐकून त्याला वाटायला लागतं की आहे. धडधाकट अबोल मुलं अशा रीतीने बुजरी झालेली मी पाहिली आहेत. पाचवीत स्वतःच्या मस्तीत असलेला मुलगा आठवीत कुणाच्या नजरेला नजर देत नाही, याचं कारण पुष्कळदा आपण मोठी माणसंच असतो.

उलट बाजूचं नुकसान दिसत नाही, म्हणून ते जास्त वाईट. बुजऱ्या मुलाला 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून सोडून दिलं जातं. आणि इथे मुलगा-मुलगी भेद उघड दिसतो. मुलगा गप्प असला तर नोंद 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात जाते. मुलगी गप्प असली तर 'विशेष प्रगती' या रकान्यात. शांत, नम्र, आज्ञाधारक. घरचेही खूश, गुणी पोर म्हणून कौतुक. ती नळावर उभी राहून पाळी टाळते आहे, उत्तर येत असून शेजारणीला देते आहे, शिक्षकाला विचारायची हिंमत नाही म्हणून भागाकार अर्धवट समजून पुढे चालली आहे, हे कुणी बघत नाही. पुढे हायस्कूलला लांबच्या गावी जायचं म्हटलं की हीच मुलगी शाळा सोडते, आणि लोक म्हणतात तिला शिक्षणाची आवड नव्हती.

बुजऱ्या मुलाला लागतात पायऱ्या. एकदम स्टेजवर नाही आणि कायमचं भिंतीलाही नाही. त्या मुलीच्या बाबतीत आम्ही शेजारणीपासून सुरुवात केली, कारण तिथे तिचं तोंड चालत होतं. आधी दोघींनी मिळून उत्तर सांगायचं. मग चौघींच्या गटात ती वाचणार. मग जागेवर बसूनच वर्गाला सांगायचं, उभं राहायचं नाही. मग मैत्रीण शेजारी उभी असताना परिपाठात एक ओळ. प्रत्येक पायरीवर पुरेसे दिवस थांबायचं, ती ओळ तिला आदल्या दिवशी सांगून ठेवायची, आणि जमलं तर सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायच्या नाहीत. टाळ्यांनी सगळ्या वर्गाची नजर तिच्यावर येते आणि तीच तर तिला नको असते. मधल्या सुट्टीत पंचाचं, गुण मांडायचं काम दिलं, म्हणजे खेळात असायला कारण मिळालं. वर्षअखेर ती एकटी उभी राहून गोष्ट सांगत होती. आवाज बारीक होता, पाय हलत होते, पण गोष्ट शेवटपर्यंत गेली. मानसोपचारातही भीतीवर असंच टप्प्याटप्प्याने काम करतात.

अबोल मुलाला पायऱ्या नकोत, त्याला सवड हवी. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं निघालं. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प असणारी मुलंही उत्तर देतात. हे कुठल्याही शिक्षकाने उद्या करून बघावं, याला पैसा लागत नाही. मनात एक, दोन, तीन म्हणायचं आणि मग बोट दाखवायचं. अबोल मूल आधी विचार करतं, मग बोलतं, आणि आपण तोवर पुढच्या प्रश्नावर गेलेलो असतो. लिहायला दिलं की तेच मूल पानभर लिहितं. आणि मधली सुट्टी त्याची त्याला द्यावी. त्या बैलगाड्या आम्ही पुढे भूमितीच्या तासाला वर्गात आणल्या. चाकाचा व्यास, परीघ, आरे किती अंशांत, सगळं त्याने समजावून सांगितलं. तो बोलायला लागला असं काही घडलं नाही. त्याला बोलण्यासारखं काही होतं, ते तो बोलला.

इथे एक सावधगिरी. गप्प असणारं प्रत्येक मूल या दोहोंपैकीच एक असतं असं नाही. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं दिवाळीनंतर जातात ती उन्हाळा लागता लागता परततात, वर्ग पुढे गेलेला असतो. ती गप्प असतात कारण धडा कळत नाही. गोरमाटी ही बंजाऱ्यांची बोली बोलणारं किंवा पारधी घरातलं मूल पहिलीत गप्प असतं कारण बाईंची भाषा त्याच्या घरची नाही. त्याच्या घरचे चार शब्द बाईंनी शिकून घेतले तर ते दुसऱ्या आठवड्यात बोलतं. काही मुलांना नीट ऐकूच येत नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळा-अंगणवाडीत तपासणीला पथक येतं, त्यात कानाचीही तपासणी आहे, तेव्हा अशा मुलाचं नाव आवर्जून पुढे करावं. आणि घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिनोन् महिने एक शब्दही बोलत नसेल, अगदी शौचाला जायचं सुद्धा सांगत नसेल, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. शाळेतला पहिला महिना धरायचा नाही, पण त्यापुढेही महिनाभर असंच चाललं तर तज्ज्ञाला दाखवायला हवं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ क्रमांकाची फोनसेवा २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. पालकांनी यात लाज बाळगू नये.

मे महिना म्हणजे व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांचाही महिना. 'दहा दिवसांत स्टेज डेअरिंग' अशा जाहिराती तालुक्याच्या चौकात लागल्या आहेत. चांगली शिबिरं आहेत, मी नाही म्हणत नाही. पण सगळ्या मुलांना एकाच मापाने बोलकं करून देऊ म्हणणाऱ्या ठिकाणी पैसे भरण्याआधी पालकांनी विचारावं, की माझं मूल कुठल्या कारणाने गप्प आहे हे तुम्ही कसं ओळखणार? काही ठिकाणी बोटांचे ठसे घेऊन स्वभाव सांगतात. त्याला शास्त्राचा आधार नाही, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने तसं जाहीर केलेलं आहे. मोबाईलवर चार प्रश्नांत 'तुम्ही अंतर्मुख' असा निकाल देणाऱ्या चाचण्यांवरही मुलाचं भविष्य ठरवू नये. त्यात 'अनोळखी माणसाशी बोलायला अवघड वाटतं का' असा प्रश्न असतो आणि त्याचं हो हे उत्तर अंतर्मुखतेत मोजलं जातं. भीती आणि आवड यांची सरमिसळ तिथूनच सुरू होते. आणि बहुतेक माणसं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात, हेही अशा निकालात दिसत नाही. काही मुलं अबोलही असतात आणि बुजरीही. त्यांना आधी भीतीतून बाहेर काढावं आणि मग सुखाने गप्प राहू द्यावं.

माझ्या शिक्षक बंधू-भगिनींवर मी दोष ठेवत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९चा, त्यानंतर २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता शिकता करायच्या, मूल्यमापनातलं पहिलंच साधन आहे दैनिक निरीक्षण. कल्पना उत्तम होती, मूल रोज बघा आणि बघितलं ते लिहा. पण पोषण आहाराचे हिशोब, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या, सर्वेक्षणं, यातून वेळ उरला तर निरीक्षण. मग व्हॉट्सअॅपच्या गटांवर वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या फिरतात आणि त्यातलं वाक्य उचलून रकाना भरला जातो. नव्या शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःबद्दल आणि सोबत्यांनी त्याच्याबद्दल सांगायला जागा ठेवलेली आहे. तिथेही तयार याद्या येऊ नयेत. "मधल्या सुट्टीत तुला काय करायला आवडतं? आणि काय करावंसं वाटतं पण जमत नाही?" एवढे दोन प्रश्न मुलाला एकटं घेऊन विचारले तरी पुष्कळ कळतं. अबोल मुलाकडे पहिल्याचं उत्तर असतं. बुजऱ्याकडे दुसऱ्याचं.

शिक्षण विभागाला आणि केंद्रप्रमुखांना माझी विनंती आहे, की 'सभाधीट नाही', 'मिसळत नाही' हे शेरे नोंदींच्या यादीतून काढून टाकावेत आणि त्या जागी शिक्षकाने जे डोळ्यांनी बघितलं ते लिहायला सांगावं. जूनमध्ये शाळा उघडतील, शिक्षकांच्या शिक्षण परिषदा होतील, तेव्हा पहिल्याच परिषदेत यावर अर्धा तास द्यावा. त्या दोन मुलांसाठी मी लिहिलेल्या नोंदी नमुन्यादाखल देते.

मुलाची: 'विचारल्यावर स्पष्ट व नेमके उत्तर देतो. हाताने वस्तू बनवण्यात रमतो. लेखी मांडणी चांगली. विचार करण्यास वेळ द्यावा.'

मुलीची: 'पाठांतर व गणित उत्तम. मैत्रिणीसोबत मोकळेपणाने बोलते. लगोरी व नाच यांची आवड आहे. चार जणांच्या गटात वाचू लागली आहे. पुढील वर्गात तिला याच मैत्रिणीशेजारी बसवावे.'

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. माण, जि. सातारा